वाशीमच्या वाटेवर : एका बातमीचे देणे

वाचकहो, तुमच्यापैकी कितीजण वाशीमला गेले आहेत? पोहरादेवीच्या यात्रेला, कारंज्याला नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी किंवा शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेला असाल, तर या जिल्ह्याची काळी माती तुमच्या चपलेला लागलेली आहे. पण देवदर्शन झाले की परतीची गाडी धरायची हा आपला शिरस्ता. आजूबाजूच्या वावरात कोण काय पेरतो, त्याला पाणी कुठून मिळते, हे विचारायला सवड कोणाला असते? मलाही नव्हती. आणि मी तर पेशाने वार्ताहर!

तर चला, आज माझ्याबरोबर या. अकोल्याहून एस.टी.ने निघू. पातूर मागे पडले की गाडी घाट चढू लागते. दोन्ही अंगांना सागाचे जंगल, मधूनच एखादे माकड कठड्यावर बसलेले. मेडशी येते, मग मालेगाव, आणि तोवर आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या पठारावर आलेले असतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण या जिल्ह्याचे निम्मे दुखणे तिच्यात आहे. या पठारावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्रात जाते. पूस, अडाण, अरुणावती या दक्षिण-पूर्वेला वाहत पैनगंगेला मिळतात आणि वर्धा-गोदावरीतून त्यांचे पाणी पूर्वेच्या समुद्रात जाते. म्हणजे वाशीमकर उताराच्या माथ्यावर बसलेला. वरून त्याच्याकडे फारसे काही येत नाही. त्याच्याकडचे मात्र सगळे खाली जाते. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात साठते आणि त्यावर अकोला शहराची तहान भागते. पुसेचे नाव पुसदला मिळाले. पैनगंगेवर आता बंधारे झाले आहेत, नाही असे नाही, पण बहुतेक शेती अजून कोरडवाहूच आहे. मृगाकडे डोळे लावायचे आणि हस्ताला हात जोडायचे.

वाशीम गाव फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, वत्सगुल्म तिचे नाव. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची पुष्कळशी लेणी कोरली गेली. गावात पद्मतीर्थ आहे, बालाजीचे मोठे मंदिर आहे. ते तुम्ही बघालच, मी त्यावर शाई घालवत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ११ लाख ९७ हजार १६० माणसे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले मागास जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ असे गोड नाव दिले. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्या पंगतीला वाशीम बसले. आता समृद्धी महामार्गही कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्यावरून भरधाव जाणाऱ्याला दोन्हीकडे हिरवेगार सोयाबीन दिसते. शेंगा भरल्या की पोचट राहिल्या, ते मात्र गाडीतून दिसत नाही.

मी कशाला गेलो होतो, ते आता सांगतो. सांगायला जरा लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. त्या दिवशी विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. रिसोड आणि मालेगाव तालुक्यांत हरभरा सोंगणीला आलेला, गहू ओंबीत, सगळे घटकाभरात मातीला मिळाले. मी तेव्हा एका वर्तमानपत्राचे काम करत होतो. मोटारसायकल काढली आणि रिसोड तालुक्यातल्या एका गावात पोचलो. धुऱ्यावर एक बाई उभी होती, पदराच्या ओंजळीत बोराएवढ्या गारा. मी म्हटले, ‘ताई, जरा इकडे बघा.’ तिने पाहिले, मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली मजकूर होता, ‘गारपिटीने उद्ध्वस्त झालेले शेतकरी कुटुंब’, आणि पुढे तिच्या नवऱ्याचे नाव व ‘यांच्या पत्नी’. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला आले, बाधित हेक्टरांचा आकडा निघाला, तोही छापला. फोटो बरा आला म्हणून कार्यालयात माझी पाठ थोपटली. त्या गावात मी पुन्हा पाऊल टाकले नाही.

वाचकहो, आमच्या धंद्यात एक खोड आहे. घटना घडली की जायचे, आकडा आणायचा आणि पुढच्या घटनेची वाट बघायची. याच्या उलट वागलेली माणसेही याच धंद्यात आहेत. पी. साईनाथ हे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईत ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांची चांगली बसलेली नोकरी होती. १९९३ साली एक अभ्यासवृत्ती घेऊन ते देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाले. मिळेल त्या वाहनाने आणि पुष्कळदा पायी. दुष्काळ पडल्यावर जाण्यापेक्षा दुष्काळाच्या आधी आणि नंतर तिथली माणसे कशी जगतात हे त्यांनी पाहिले. त्यातून १९९६ साली जे पुस्तक झाले त्याचे मराठी नाव ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. नावातच सगळे आले!

पुढे ‘द हिंदू’ या दैनिकासाठी ते वर्षानुवर्षे विदर्भात येत राहिले. २००६ च्या सुमाराची त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईत उंची कपड्यांचा एक मोठा मेळावा भरला होता. त्याची बातमी द्यायला ५१२ पत्रकारांना परवाने दिलेले. मांडणी होती सुती कपड्यांची. आणि तो कापूस पिकवणारे शेतकरी जिथे जीव देत होते, त्या विदर्भात बाहेरून येऊन ठाण मांडलेले देशपातळीवरचे पत्रकार जेमतेम सहा. त्याच वर्षी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर झाली. साईनाथांनी सरकारी तक्तेही बारकाईने वाचले. आत्महत्येनंतर मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने असतात. सातबारा ज्याच्या नावावर तो शेतकरी. मग जन्मभर वावरात राबलेली बाई कोणत्याच रकान्यात बसत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी ‘परी’ नावाचे ग्रामीण भारताचे दप्तर उघडले. मोबाईलवर ते मराठीतही वाचता येते. २०१९-२० च्या सुमारास तिथे हवामानबदलावर एक मालिका आली. आंध्रातल्या अनंतपूरची वाळू, केरळातल्या वायनाडचे मळे, मुंबईचे कोळी, आणि लातूरच्या ऐन उन्हाळ्यातली गारपीट. त्या सगळ्यात शास्त्रज्ञांपेक्षा शेतकरी, कोळी, मजूरच जास्त बोलतात. पूर्वी काय होते आणि आता काय झाले, ते आपल्या तोंडाने सांगतात.

दुसरे नाव नागपूरचे जयदीप हर्डीकर यांचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस उत्पादकाने २०१४ साली विष घेतले आणि तो वाचला. वाचलेल्या माणसाची बातमी होत नसते. हर्डीकर मात्र त्याच्याकडे जात राहिले. पेरणीला गेले, वेचणीला गेले, हिशेबाला बसले. २०२१ साली ‘रामराव’ हे पुस्तक इंग्रजीत आले. ते वाचताना मला ती पदरातली गार आठवली, आणि खरे सांगतो, घशाशी काही तरी अडकले. २०२४ ची दिवाळी झाली आणि मी पिशवी भरली.

आधी मानोऱ्याकडून पोहरादेवीला गेलो. बंजारा समाजाची ही काशी, सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. त्या ऑक्टोबरातच नगाऱ्याच्या आकाराच्या मोठ्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले होते. इमारत देखणी आहे, मुलांना जरूर दाखवा. पण मी ज्या वेळी गेलो तो तांडे रिकामे होण्याचा हंगाम. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसे निघतात. कोणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात. एका तांड्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, कोंबड्या आणि एक शाळकरी पोर असा संसार चढत होता. एका म्हाताऱ्याला विचारले, यंदा लवकर निघालात का? तो म्हणाला, ‘निंदणाचे दिवस पावसानं खाल्ले. वावरात चिखल, तर मजूर कोण बोलावते? ज्याचं पीक बुडलं त्याचा पंचनामा होते भाऊ, ज्याची मजुरी बुडली त्याचा कोण करते?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतक्या वर्षांत किती पंचनाम्यांच्या बातम्या दिल्या, पण बुडालेल्या मजुरीचा रकाना एकातही पाहिल्याचे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वाशीमहून रिसोडची गाडी धरली. गावाचे नाव मी देत नाही. का ते पुढे कळेल.

घर सापडायला वेळ लागला नाही. बाई ओट्यावर तूर निवडत होती. केस पांढरे झालेले, बाकी तीच. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, ‘तुमी तेच ना, गारावाले? गारा पाह्यला आलते, आता काय पाह्यला आले?’

मी ओट्यावर टेकलो. चहा आला. मग हळूहळू जे कळले ते असे. त्या फोटोनंतर मृग तोंडावर आला तेव्हा नवरा नेहमीच्या दुकानात बियाणे आणि खत उधारीवर घ्यायला गेला. दरवर्षीचा रिवाज होता, सोयाबीन विकले की फेडायचे. दुकानदाराने गल्ल्याखालून वर्तमानपत्राचा कागद काढला. ‘तुमी तं उद्ध्वस्त झाले म्हणते पेपर. उद्ध्वस्ताले उधार कसं देऊ?’ मदतीचे पैसे आले, पण पुरले नाहीत. पेरणीसाठी बैलजोडी विकावी लागली. तेव्हापासून वावराची सगळी मेहनत भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि भाडे रोख द्यावे लागते. मोठा मुलगा शिकायचा थांबला आणि पुण्याला एका कारखान्यात लागला.

हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. मी खाली मान घालून कप फिरवत राहिलो.

तेवढ्यात माझे लक्ष भिंतीकडे गेले. एकाच खिळ्याला कॅलेंडरांची चळत लटकलेली, वर २०२४ चे. दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. आपल्याकडे घरोघरी कॅलेंडरवर दुधाचा रतीब, गॅस, भिशी लिहितात, तसेच काही असेल असे वाटले. तिला विचारून खाली घेतले आणि चाळू लागलो. दुधाचा हिशेब होताच. पण जवळजवळ प्रत्येक पानावर वेगळ्या खुणा होत्या. पाऊस पडला त्या तारखेला फुली. जोराचा असेल तर दोन फुल्या. ‘पेरनी’, ‘खत’, ‘डवरनी’, ‘फवारा’, ‘सोंगनी’. तिच्या हातचे, सातवी शिकलेले अक्षर. पहिले कॅलेंडर २०१८ चे आणि त्यातली पहिली नोंद ११ फेब्रुवारीची, ‘गार’.

‘तवापासून लिवते,’ ती म्हणाली. ‘तलाठी पुसे, कोन्या तारखेले पडला, किती येळ पडला. मानसाइले आठवत नाही. इमावाले म्हणत, बहात्तर तासाच्या आत सांगा. म्हून लिवाले लागली.’

वाचकहो, मी तास-दीड तास ती कॅलेंडरे वाचत बसलो. २०१९ चा ऑक्टोबर फुल्यांनी भरलेला, दिवाळीच्या दिवसांपर्यंत. एका चौकटीत ‘सुडीले कोंब’. सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीतच दाणे उगवले होते. तुमच्यापैकी अनेकांनी त्या साली तेच पाहिले आहे. राज्यपालांनी तेव्हा खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले, म्हणजे एकरी सव्वातीन हजारांच्या आसपास. त्याच्या बातम्या मी दिल्या होत्या. मग २०२० चा जून : ‘पेरनी’, दहा-बारा दिवसांनी ‘उगवलं नाही’, आणि खाली ‘दुबार’. त्या जूनमध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी राज्यभर कल्लोळ झाला होता. त्याच्याही बातम्या मी दिल्या होत्या, मथळा ‘बोगस बियाणे’. बियाण्यात लबाडी करणारे असतीलही. पण सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार नाजूक. काढणीच्या वेळी भिजलेला दाणा वरून सुकला तरी आतून उगवण गमावून बसतो, आणि आदल्या ऑक्टोबरात तर बियाण्याचे प्लॉटसुद्धा भिजले होते. आमच्या लेखी ऑक्टोबरची एक बातमी, जूनची दुसरी. तिच्या खिळ्याला दोन्ही एकाखाली एक टांगलेल्या होत्या.

२०२३ चा ऑगस्ट जवळजवळ कोरा. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असे हवामान खात्याने नंतर सांगितले. सप्टेंबरात ‘पिवळं पडलं’, म्हणजे मोझॅक. २०२४ ला पीक बरे आले, तर चौकटीत भाव लिहिलेला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात मिळाले चार हजारांच्या आगेमागे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणारा मुसळधार पाऊस तिपटीने वाढला, असे त्यांना आढळले. त्याच पट्ट्यात एकूण पावसाळी पाऊस मात्र वाढलेला नाही. कारण समजायला कठीण नाही. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, एका अंशाला सुमारे सात टक्के. मग महिनाभर धरून ठेवते आणि दोन दिवसांत ओतते. सरासरी जिथल्या तिथे राहते, तालुक्याच्या तक्त्यात ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि वावरात मात्र आधी भेगा पडतात, मग पाणी साचते. हे सगळे मी वाचलेले होते. तिच्या फुल्यांत ते पहिल्यांदा दिसले : वीस दिवस कोरे, मग ओळीने तीन दिवस दुहेरी फुल्या.

‘याच्यावर उपाय काय करता?’ मी विचारले. ती म्हणाली, दोन वर्षांपासून रुंद वरंबा-सरी पाडून पेरतो. पाणी साचले तर सरीतून निघून जाते, खंड पडला तर वरंब्यात ओल राहते. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मुलगी एकदा जाऊन आली होती, तिथे पाहिले. सोयाबीनच्या जोडीला तूर आता सोडत नाही, कारण एक गेले तर एक हाताला लागते. आणि बियाणे घरचे ठेवते. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजते. सत्तर उगवले तर ठीक. ही युक्ती कृषी खाते कधीपासून सांगत आले आहे. ती २०२० च्या दुबारीने शिकली. तुम्हीही करून पाहा. गोणपाट घरचेच आणि खर्च काही नाही.

आम्ही वावराकडे जाऊन आलो. हरभरा चार पानांवर होता. वाटेत तिने तो धुरा दाखवला, मीच विसरलो होतो. मी म्हटले, ‘ताई, मी यावर पुन्हा लिहिणार आहे. या खेपेला तुमच्या नावाने लिहितो. यांच्या पत्नी म्हणून नको.’

ती हसली. ‘नाव नोका लिहू भाऊ. तो दुकानवाला अजून पेपर वाचते.’

म्हणून नाव नाही आणि गावही नाही.

साडेचारची गाडी होती. मी पिशवी उचलली. बाई आत गेली, दोऱ्याची पेन्सिल हातात घेतली आणि त्या दिवसाच्या चौकटीत काही लिहू लागली. चष्मा पुसून मी वाकून पाहिले. दुधाच्या दोन लिटरखाली बारीक अक्षरात लिहिले होते : ‘पेपरवाले भाऊ आले. दुसऱ्यांदा.’